नळाला डोळे असावेत का?

पत्राचा सारांश: एका वाचक भगिनींच्या घरी न्हाणीघर आणि स्वयंपाकघर यांच्या दुरुस्तीचे काम निघाले आहे. घरात त्या, त्यांचे यजमान, 7 वर्षांचा मुलगा आणि त्यांचे 78 वर्षांचे वडील असे चौघे राहतात. घरातले सगळे नळ जुने, गोल मुठीचे आणि आट्यांचे आहेत. वडिलांची बोटे संधिवाताने आखडली असल्यामुळे त्यांच्याकडून नळ पुरता बंद होत नाही आणि रात्रभर थेंब थेंब गळत राहतो. मुलगा दात घासताना नळ मोकळा सोडून आरशात स्वतःलाच वेडावून दाखवत उभा राहतो. यजमानांचे म्हणणे असे की आता सगळीकडे सेन्सरचेच नळ घ्यावेत. पाणी वाचेल, जंतूंची काळजी मिटेल आणि वडिलांचीही सोय होईल. वडिलांना हे मुळीच मान्य नाही. "मी अजून इतका पांगळा झालेलो नाही," असे म्हणून ते चर्चेतून उठून गेले. भगिनींना स्वतःला विजेची आणि बॅटरीची धास्ती वाटते. पण वडिलांची सोय आपण नाकारली, असेही त्यांना व्हायला नको आहे. प्लंबरला आठ दिवसांत निर्णय सांगायचा आहे. त्यांचा प्रश्न असा: "सगळीकडे सेन्सरचे नळ बसवावेत, की हा विचारच सोडून द्यावा?"

उत्तर:

तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा एकाच शब्दाशी अडखळले. तो शब्द म्हणजे "सगळीकडे". घरातला प्रत्येक नळ पाणीच देत असला, तरी प्रत्येकाकडून आपण निराळे काम करून घेतो. बेसिनच्या नळाखाली हात धुतले जातात, स्वयंपाकघरातल्या नळाखाली भांडी भरली आणि घासली जातात, न्हाणीघरातल्या नळाने बादली भरते, आणि एखादा नळ केवळ फडके पिळण्यासाठी असतो. सेन्सरच्या नळाला यांपैकी एकच काम उत्तम जमते: समोर हात आला की पाणी सोडायचे आणि हात गेला की थांबवायचे. म्हणून "सगळीकडे की कोठेच नाही" असा प्रश्न न ठेवता, प्रत्येक नळासमोर उभे राहून "येथे काय होते?" एवढेच विचारावे, अशी माझी विनंती आहे. हे केलेत की यजमानांच्या यादीतले निम्मे नळ वादावाचून गळून पडतील, असा माझा अंदाज आहे.

पण नव्या नळाकडे वळण्यापूर्वी जुन्याकडे पाहू. वडिलांकडून नळ पुरता बंद होत नाही, असे तुम्ही लिहिले आहे. हे वाक्य तुम्ही सहज लिहिले असेल. मला मात्र ते तपासून पाहावेसे वाटते. आज रात्री सगळे झोपल्यावर तो नळ तुम्ही स्वतः बंद करा, आणि तोही सर्व ताकदीनिशी नव्हे, तर अंगठा आणि दोन बोटे एवढ्याच जोराने. मूठ ओली असू द्या, कारण वडिलांचे हात नळ बंद करताना ओलेच असतात. मग तोटीच्या टोकाकडे पाहत राहा. एक थेंब जमतो, फुगतो, लोंबतो आणि पडतो, असे होत असेल, तर दोष वडिलांच्या बोटांकडे जात नाही. तो आतल्या वायसरकडे जातो. आट्यांच्या नळात दांड्याच्या टोकाशी रबराचा वायसर असतो आणि तो बैठकीवर दाबला गेला की पाणी थांबते. तो झिजला, कडक झाला किंवा त्याच्यावर खाच पडली, की घरातले धडधाकट माणूस नळ आवळून आवळून बंद करते, आपण जोर लावला हे त्याच्या लक्षातही येत नाही, आणि ज्याला जोर लावता येत नाही त्याच्या नावावर गळती जमा होते. वायसर बदलणे हे दहा-पंधरा मिनिटांचे काम आहे.

वायसर नवा घालूनही वडिलांना मूठ फिरवणे जड जात असेल, तर त्यासाठी सेन्सरच्या अलीकडे एक फार साधा उपाय आहे. आतमध्ये सिरॅमिकच्या दोन चकत्या असलेला, पाव फेऱ्यात उघडबंद होणारा, लांब दांड्याचा नळ घ्यावा. त्याला पकड लागत नाही. मनगटाने, हाताच्या कडेने, फार झाले तर कोपराने दांडा ढकलला तरी पुरते, आणि चकत्या एकमेकींवर सरकून पाणी थांबत असल्यामुळे आवळण्याचा प्रश्नच राहत नाही. संधिवात असलेल्या माणसाला त्रास होतो तो प्रामुख्याने बोटांनी घट्ट धरून पीळ देण्याचा. ढकलण्याचा त्रास त्या मानाने पुष्कळ कमी असतो. वीज नको, बॅटरी नको, आणि घरातल्या कोणालाही नवे काही शिकावे लागत नाही. दाबला की ठरावीक वेळ वाहून आपोआप बंद होणारे नळही मिळतात, परंतु ते दाबायला बराच जोर लागतो, म्हणून तुमच्या वडिलांसाठी ते मी सुचवणार नाही. पायाने चालणारा नळही त्यांच्या वयाला योग्य नाही, कारण ओल्या फरशीवर एका पायावर तोल सावरत उभे राहणे हे आखडलेल्या बोटांपेक्षा कितीतरी महागात पडू शकते.

आता सेन्सरचा नळ. तो नेमके काय करतो हे समजले, की त्याचे गुण आणि खोडी दोन्ही आपोआप उलगडतात. तोटीच्या बुंध्याशी जी लहानशी काळी काच असते, तिच्यामागे एक बारीक दिवा आणि एक प्रकाशग्राही घटक असतो. हा दिवा अवरक्त प्रकाश टाकतो. त्याची तरंगलांबी सर्वसाधारणपणे 850 ते 940 नॅनोमीटर असल्यामुळे आपल्या डोळ्यांना तो दिसत नाही, मात्र मोबाइलचा कॅमेरा काचेवर रोखला तर बऱ्याचदा जांभळट ठिपका लुकलुकताना दिसतो. हातावर आपटून परत आलेला प्रकाश त्या घटकाने टिपला, की बेसिनखालच्या डबीतल्या सोलेनॉइड झडपेला, म्हणजे विजेच्या इशाऱ्यावर चालणाऱ्या झडपेला, इशारा जातो आणि झडप उघडते. नळाला हात "दिसतो" असे आपण म्हणतो, पण त्याला दिसतो तो केवळ परत आलेला प्रकाश. म्हणून काळा हातमोजा घातलेला हात त्याला पुष्कळदा कळत नाही, चकचकीत बेसिन फार जवळ असेल तर कोणी नसतानाही तो उघडतो, आणि काचेवर साबणाचा थर बसला की तो गोंधळतो. बहुतेक चांगल्या नळांमध्ये ही नजर किती लांब पोहोचावी हे कमीजास्त करता येते. बसवणाऱ्याने ते आपल्या बेसिनला जुळवून दिल्याशिवाय त्याला जाऊ देऊ नये.

याहून महत्त्वाचा भाग त्या झडपेचा आहे आणि तो सहसा कोणी समजावून सांगत नाही. झडपेच्या आत रबराचा एक पडदा असतो. वीज त्या पडद्याला स्वतः उचलत नाही. ती केवळ एक सुईएवढे छिद्र उघडते किंवा बंद करते, आणि त्यामुळे पडद्याच्या दोन बाजूंच्या पाण्याच्या दाबात फरक पडून पडदा वर उठतो किंवा खाली बसतो. थोडक्यात, उघडण्याचे आणि बंद करण्याचे खरे श्रम पाणी स्वतःच करते. यातून दोन गोष्टी निघतात. एक, पाण्याला पुरेसा दाब हवा. अनेक सेन्सर नळांच्या माहितीपत्रकात किमान 0.5 बार दाब मागितलेला असतो. 10 मीटर उंचीच्या पाण्याचा दाब सुमारे 1 बार भरतो, म्हणजे 0.5 बारसाठी टाकीतल्या पाण्याची पातळी नळापेक्षा सुमारे 5 मीटर वर असायला हवी, आणि नळ्यांमध्ये होणारी घट धरली तर त्याहूनही थोडी अधिक. तुमच्याकडे पाणी छतावरच्या टाकीतून केवळ उताराने येत असेल आणि तुमचा मजला त्या टाकीच्या लगेच खालचा असेल, तर हा हिशेब सर्वांत आधी करा. दाब कमी पडला की धार मरतुकडी येते, आणि काही वेळा हात काढून घेतल्यावरही पडदा नीट बसत नाही.

दुसरी गोष्ट कचऱ्याची. ती मी अनुभवाने सांगते. काही वर्षांपूर्वी आमच्या घरी बेसिनला असा नळ बसवला होता आणि पहिले काही महिने आम्ही सर्वांनी त्याचे कौतुकच केले. मग एकदा टाकी धुऊन झाल्यावर संध्याकाळी नळ बंदच होईना. पूर्ण धार नव्हती, सुतळीएवढी होती, पण ती थांबायचे नाव घेईना. बंद करायला मूठ नाही, दांडा नाही, त्यामुळे मी त्या काळ्या काचेसमोर उगाचच हात हलवत राहिले. बेसिनखालचा अँगल कॉक, म्हणजे नळाकडे येणारे पाणी तोडण्याची चावी, बंद करावी म्हणून वाकले, तर तो कपाटाच्या पाठीमागे गेलेला. सगळा खण उपसून, आत हात घालून, चाचपडत तो फिरवावा लागला. दुसऱ्या दिवशी प्लंबरने झडप उघडली, तेव्हा पडद्याच्या कडेला वाळूचा तिळाएवढा कण अडकलेला निघाला. तो काढल्यावर नळ पुन्हा शहाण्यासारखा वागू लागला. जड पाणी असेल तर वाळूऐवजी क्षारांचे खपले हेच काम करतात; ते त्या सुईएवढ्या छिद्रात साचतात आणि झडप आधी मंद होते, मग हट्टी. म्हणून झडपेच्या अलीकडे जाळी असायला हवी, ती काढून धुता यायला हवी, आणि अँगल कॉक कोणालाही वाकून, एका हाताने, न शोधता सापडेल अशा जागी हवा. ही शेवटची अट मी सेन्सर न बसवणाऱ्यांनाही घालीन.

विजेची तुमची धास्ती मात्र बरीचशी कमी करता येईल. घरगुती सेन्सर नळांपैकी पुष्कळसे चार साध्या पेन्सिल सेलवर, म्हणजे 6 व्होल्टवर चालतात. त्यांतली झडप अशा प्रकारची असते की तिला उघडताना एक क्षणभर आणि बंद होताना एक क्षणभर वीज लागते, मधल्या वेळात लोहचुंबक तिला जागच्या जागी धरून ठेवतो. म्हणूनच एवढ्याशा सेलवर ती दीर्घकाळ चालते. एक ते दोन वर्षे असे उत्पादक सांगतात, आणि घरातला वापर जितका जास्त, तितके हे दिवस कमी होतात. घरची वीज गेली तरी अशा नळाला त्याचा पत्ता नसतो. अडॅप्टरवर चालणारा नळ मात्र वीज गेली की मुका होतो, म्हणून घेणारच असाल तर सेलवर चालणारा किंवा दोन्हींवर चालणारा घ्या. सेल संपत आल्याची सूचना बहुधा त्या काचेमागच्या लाल दिव्याच्या लुकलुकण्यातून मिळते. ती पाहून त्याच आठवड्यात सेल बदलण्याची जबाबदारी एका माणसाच्या नावावर असली पाहिजे. "कोणीतरी बदलेल" असे म्हटले की मग पाहुणे आलेल्या दिवशीच नळ बसतो. सेलची डबी बेसिनखालच्या ओलसर जागेत असते, तेथे जुने सेल पाझरून टोके गंजतात, तेव्हा ती डबी शक्य तितकी वर आणि कोरड्या बाजूला बसवून घ्यावी.

तुमच्या यजमानांचा सर्वांत मोठा मुद्दा पाणी वाचण्याचा आहे. तो खोटा नाही, पण ते समजतात तितका सरळही नाही. सेन्सरमुळे पाणी वाचते ते हात चोळत असताना नळ वाहत राहण्याची सवय असेल तर. तोंडाला एरेटरची, म्हणजे पाण्यात हवा मिसळून प्रवाह कमी करणारी, जाळी लावलेल्या नळातून मिनिटाला 6 लिटर पाणी येत असेल, तर ते सेकंदाला 100 मिलिलिटर होते. साबण लावून 20 सेकंद हात चोळताना नळ बंद राहिला, तर प्रत्येक वेळी 2 लिटर वाचले. पण जो माणूस आधीपासूनच हात ओले करून नळ बंद करतो, त्याचे काहीच वाचत नाही. उलट हात काढल्यावर नळ सेकंद-दोन सेकंद वाहत राहतो, बेसिन पुसताना उघडतो, आरशासमोर वाकले तरी उघडतो, आणि दांड्याच्या नळासारखी बारीक धार त्यातून घेता येत नाही, जी मिळते ती पुरीच मिळते. अमेरिकेत फ्लोरिडातल्या एका कार्यालयीन इमारतीत साधे नळ काढून सेन्सरचे बसवण्यापूर्वी आणि बसवल्यानंतर पाण्याची मोजणी केली गेली होती. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालात नळांचा पाणीवापर कमी होण्याऐवजी सुमारे 30 टक्क्यांनी वाढलेला आढळला. कार्यालयावरून घराचे गणित तसेच्या तसे मांडता येणार नाही, हे मला कबूल आहे. परंतु "सेन्सर म्हणजे बचत" हे गृहीत धरून खर्च करू नये, एवढे त्यावरून नक्की म्हणता येते.

त्यापेक्षा मोजून पाहा. लिटरच्या खुणा असलेला एक जग बेसिनच्या नळाखाली धरा, नळ नेहमी उघडता तितकाच उघडा आणि 10 सेकंदांत किती पाणी जमते ते बघा. आलेल्या आकड्याला 6 ने गुणले की मिनिटाचा प्रवाह मिळेल. तो 6 लिटरच्या बराच वर असेल, तर पहिला खर्च एरेटरवर करा, कारण त्याचा फायदा नळ उघडणाऱ्या प्रत्येकाला आणि प्रत्येक वेळी होतो. हे मोजण्याचे काम तुमच्या मुलाकडे द्यावे, असे मला वाटते. दोन मिनिटे दात घासताना नळ चालू ठेवला तर मिनिटाला 6 लिटरच्या हिशेबाने 12 लिटर जातात, हे आपण सांगून त्याला कळणार नाही. ते बादलीत जमलेले पाहून, ती बादली त्याने स्वतः उचलण्याचा प्रयत्न करून कळेल. सेन्सरच्या नळाने त्याची ही सवय झाकली जाईल, मोडणार नाही, आणि शिवाय नळासमोर हात नाचवून त्याला सतत चालूबंद करण्याचा नवा खेळ त्याला मिळेल, याचीही कल्पना असू द्या.

जंतूंचा मुद्दा मी थोड्या सावधपणे घेते. सार्वजनिक ठिकाणी शेकडो अनोळखी हात ज्या मुठीला लागतात, ती मूठच नसणे हा मोठा फायदा आहे. घरात मात्र नळाला लागणारे हात त्याच चौघांचे असतात आणि तेच हात दाराच्या कडीला, दिव्याच्या बटणाला आणि साबणाच्या बाटलीलाही लागतात. एखाद्याला उलट्या-जुलाब होत असतील किंवा कोणी आजारी माणसाची शुश्रूषा करत असेल, तर न स्पर्शता उघडणारा नळ उपयोगाचा आहे, यात वाद नाही. पण दांड्याचा नळ कोपराने ढकलूनही तो फायदा बऱ्याच अंशी मिळतो. याची दुसरी बाजू फारशी कोणाला ठाऊक नसते. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाने 2011 साली जाहीर केलेल्या पाहणीत सेन्सर नळांतून घेतलेल्या पाण्याच्या नमुन्यांपैकी 50 टक्क्यांत लेजिओनेला हा न्यूमोनिया घडवू शकणारा जिवाणू वाढलेला आढळला, तर साध्या नळांच्या बाबतीत हे प्रमाण 15 टक्के होते. सेन्सर नळाच्या आत झडपा आणि लहान लहान भाग अनेक असतात आणि त्यांवर जिवाणूंना बस्तान मांडायला जागा मिळते, असे त्यामागचे कारण संशोधकांनी मांडले होते. ती गोष्ट रुग्णालयातली, म्हणजे प्रतिकारशक्ती क्षीण झालेल्या माणसांमधली होती. ती वाचून निरोगी कुटुंबाने घाबरावे असे काही नाही. मात्र घरात कोणाचे कर्करोगाचे उपचार चालू असतील किंवा अवयवरोपण झाले असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय असा नळ बसवू नये, आणि कोणत्याही घरात, चार-आठ दिवस गावाला जाऊन आल्यावर नळ दोन-तीन मिनिटे मोकळा सोडून साचलेले पाणी जाऊ द्यावे. हे साध्या नळालाही लागू आहे.

स्वयंपाकघराबद्दल माझे मत ठाम आहे: तेथे केवळ सेन्सरवर चालणारा नळ घेऊ नये. मोठे भांडे भरायला ठेवले की मध्येच नळ थांबतो, कारण फार वेळ वाहिल्यास आपोआप बंद होण्याची सोय त्यात सुरक्षेसाठीच केलेली असते. चकचकीत भांडे प्रकाश भलतीकडे फेकते, आणि सिंक घासायला हात घातला की नको तेव्हा पाणी येते. माखलेल्या हातांनी नळ उघडायचा त्रास चुकवायचा असेल, तर दांड्याचाच, पण स्पर्शाने किंवा बाजूला हात हलवूनही उघडणारा असा दुहेरी नळ मिळतो. तो हौसेचा आहे, गरजेचा नाही. न्हाणीघरातल्या बादलीच्या नळाला सेन्सर लावण्याची कल्पना तर मी यजमानांची गंमत म्हणूनच घेतली आहे.

गरम पाण्याचा विचार मात्र गंभीरपणे करा. सेन्सरच्या नळात गरम आणि थंड यांचे प्रमाण आधीच एका लहान दांड्याने ठरवून ठेवावे लागते आणि पुढे येणारा प्रत्येकजण त्याच प्रमाणाचे पाणी हातावर घेतो. 60 अंश सेल्सियसच्या पाण्याने सुमारे 5 सेकंदांत गंभीर भाजू शकते, लहान मुलांच्या आणि वृद्धांच्या पातळ त्वचेला त्याहूनही लवकर. हात पुढे केला की थेट गरम पाणी अंगावर येणारा नळ या दोघांसाठी योग्य नाही. बेसिनला गरम पाणी द्यायचेच असेल, तर तापमान ठरावीक मर्यादेत राखणारी मिश्रण-झडप खाली बसवून घ्या, नाहीतर त्या नळाला थंड पाण्याचीच जोडणी द्या.

आता तुमच्या वडिलांविषयी. त्यांनी "पांगळा" हा शब्द वापरला याचा अर्थ त्यांनी ही चर्चा नळाची म्हणून ऐकलेलीच नाही. ज्या संभाषणात गळती, वाया जाणारे पाणी आणि त्यांची बोटे ही तिन्ही एका दमात आली, त्यात आपण आरोपी आहोत असे त्यांना वाटले तर मला त्यात काही विशेष दिसत नाही. त्यांच्या सोयीसाठी म्हणून जे करायचे, त्याची निवड त्यांच्या हाताला कळल्याशिवाय करू नये. त्यांना घेऊन दुकानात जा. दांड्याचे दोन-तीन नळ आणि सेन्सरचा एक, हे सगळे त्यांना स्वतः उघडून पाहू द्या आणि त्या वेळी तुम्ही थोडे बाजूला उभे राहा. सेन्सरचा नळ त्यांना आवडेलही, कोणी सांगावे. कवळी धुताना दोन्ही हात मोकळे राहतात हे एकदा लक्षात आले, की मत बदलू शकते. पण एक गोष्ट तुम्ही मनात ठेवा. पुढे कधी त्यांची स्मरणशक्ती मंदावली, तर आयुष्यभर हाताने उघडलेला नळच त्यांना ओळखीचा वाटेल, आणि मूठ किंवा दांडा नसलेल्या तोटीसमोर ते गोंधळून उभे राहण्याची शक्यता आहे. ज्यांच्या घरात आजच असे माणूस आहे, त्यांनी त्या माणसाच्या वापराचा नळ तरी मुळीच बदलू नये.

हा प्रयोग घरीच करून पाहायचा असेल, तर जुन्या नळाच्या टोकाला एरेटरच्या जागी बसवायचे लहान सेन्सर मिळतात. त्यासाठी मूळ नळ कायम उघडा ठेवावा लागतो आणि त्याच्या जोडांवर सतत दाब राहतो, म्हणून ती कायमची व्यवस्था नव्हे. पण महिनाभरात घरातले कोण त्याला सरावते आणि कोण वैतागते, हे त्यावरून उत्तम कळते.

तुमच्या जागी मी असते, तर प्लंबरला असे सांगितले असते: स्वयंपाकघरात आणि वडिलांच्या न्हाणीघरात लांब दांड्याचे, पाव फेऱ्याचे नळ, सगळ्या बेसिनना मिनिटाला 6 लिटरचे एरेटर, आणि बाहेरच्या, सर्वांच्या वापराच्या बेसिनला, दाबाचा हिशेब जुळत असेल आणि यजमानांची हौस टिकून असेल, तर सेलवर चालणारा एकच सेन्सर नळ. त्याला सेल संपले असताना हाताने उघडण्याची सोय असावी, त्याची झडप आणि पडदा सुटे विकत मिळतात याची विक्रेत्याकडून खात्री करून घ्यावी, आणि बेसिन एका छिद्राचे असावे, म्हणजे पुढे तो नको झाला तर फरशी न फोडता त्याच जागी साधा नळ बसवता येईल. सेल बदलण्याचे काम यजमानांकडे. एक वर्ष वापरून, पाण्याचा जग पुन्हा एकदा नळाखाली धरून, मग दुसऱ्या नळाचा विचार करावा.

हे सगळे व्हायला काही आठवडे लागतील. वायसर मात्र उद्याच बदलून घ्या, त्यासाठी दुरुस्तीचे काम पुरे होण्याची वाट पाहू नका. आणि प्लंबर जुना वायसर काढून टाकू लागला, तर तो त्याच्याकडून मागून घ्या आणि त्याच्यावरची खाच वडिलांना दाखवा.